अकरा पावलं

"अकरा," दत्तोपंत म्हणाले. "खाटेपासून सैंपाकखोलीच्या दारापर्यंत अकरा पावलं. बारा नाही."

यशोधननं पेन्सिल टेबलावर टाकली. नव्या रायपुरात प्लॉट घेतल्यापासून वडिलांनी नापास केलेला हा तिसरा नकाशा.

"बाबा, नई राजधानीत घर बांधून राहिलो आपण. मोठा हॉल, त्यातच किचन, मधे भिंतच नाही. अन् तुम्हाले पुरानी बस्तीतलं हे भाड्याचंच घर पाहिजे?"

"हेच पाहिजे. दार डाव्या हाताले. पुढं चार पावलांवर ओटा. मसाल्याची फळी उजवीकडं, खांद्याएवढी. अन् पावलं तुह्या आईची मोजायची, माही नाही."

"पण काहून?"

"बेचाळीस वर्षं राहिलो म्हणून. आणखी कारण लागते काय?"

मंदाकिनीबाई खाली बसून मटार सोलत होत्या. यशोधननं नकाशा त्यांच्यापुढं धरला.

"आई, तूच समजाव यांना."

"मले काय समजते त्यातलं?" त्यांनी मानही वर केली नाही. "नवे बूट घेतले काय रे? करकर वाजून राहिले."

"आई, विषय बदलू नको. तिकडं स्वयंपाकाला बाई ठेवू. आता आराम कर तू."

मटार सोलणारे हात थांबले. "ओट्यापाशी मीच उभी राहीन. ते जमत नसेल तर मले नेऊच नका तिकडं."

झालं. घरमालकाला दिवाळीपर्यंत घर रिकामं हवं होतं आणि इथं दोघंही हटून बसलेले.

यशोधनला या घराची माया नव्हती असं नाही. याच उंबऱ्यावर त्याचा पुढचा दात पडला होता. दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या खुणा अजून होत्या. गेली सहा वर्षं तो शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये राहत होता आणि फक्त रविवारी यायचा, तरी फोडणीचा वास आला की त्याचं मन भरून यायचं. पण आठवणी जपाव्यात, त्यांना प्लास्टर करून कशाला ठेवायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

शेवटी दत्तोपंतांनीच तोड काढली. लहानू मिस्त्रीनं प्लॉटवर चुन्याची फक्की टाकून भिंतींच्या रेषा आखायच्या, आईनं त्यातून चालून बघायचं. तिला जमलं तर जुन्या घरासारखाच नकाशा, नाही तर यशोधनचा.

"हव काका," लहानू फोनवर म्हणाला. "रविवारी सातच्या आत आखून ठेवतो."

पुढच्या रविवारी तिघं निघाले. नव्या राजधानीचे रस्ते ऐसपैस आणि रिकामे होते. मंदाकिनीबाई गाडीत बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

जमीन यंत्रानं सपाट करून घेतलेली होती. यशोधन गाडी लावून येईपर्यंत दत्तोपंतांनी बायकोला हाताला धरून कोपऱ्यातल्या दगडापाशी नेलं होतं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण मंदाकिनीबाईंना धीर कुठला!

"इथून आपली खाट नं?" म्हणत त्यांनी हात सोडवला आणि त्या निघाल्याही.

एक, दोन, तीन... ओठ हलत होते. अकराव्या पावलाला त्या डावीकडं वळल्या. उंबरा ओलांडावा तसा पाय उचलला. आणखी चार पावलं चालून थांबल्या. उजवा हात खांद्याएवढा वर गेला, आणि तिथं खरंच मोहरीचा डबा ठेवलेला असावा अशा त्या हसल्या. यशोधनला एकदम भूक लागली. शाळेतून घरी आल्यावर लागायची तशी.

"बरोब्बर!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अन् रेषा किती सरळ मारल्या रे लहानूनं! एकीवरही पाय नाही पडू देल्ला मी."

दत्तोपंत मुलाकडं बघत राहिले.

"हो आई," यशोधन म्हणाला. "असंच बांधू. एक पाऊल इकडंतिकडं नाही."

रस्त्याच्या कडेला सायकल टाकून लहानू धावतपळत येत होता. यशोधननं ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं. लहानूच्या खांद्यावरची चुन्याची गोणी अजून शिवलेलीच होती.