भाकरीचा टप्पा

"काका, पोटाशी काय बांधलंय?"

"भाकर हाय. सोडू नका, वाफ जाईल."

चिकलठाणा विमानतळावरच्या जवानानं कडूबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भाकर यंत्रातून गेली. तिच्यामागं कडूबा जवळजवळ पळतच गेला.

त्याचं शेत विमानतळाच्या भिंतीला लागून होतं. जन्मभर विमानं डोक्यावरून गेली, पण आत बसायची वेळ आज आली, तीही लेकीपायी. धाकटी रोहिणी हैदराबादच्या पोराशीच लग्न करणार म्हणून अडून बसली होती. खाण तशी माती, बापाइतकीच हट्टी. आणि कडूबाचा नेम ठरलेला होता. तव्यावरची भाकर फडक्यात बांधून निघावं आणि ती गरम असतानाच लेकीच्या दारात पोचावं, एवढ्याच टप्प्यात लेक द्यायची. त्यापलीकडं दिली की लेक टाकल्यासारखीच, असं तो म्हणायचा.

"आबा, विमानानं एक तास दहा मिनिटं लागतात," रोहिणी रडत म्हणाली होती.

"तुझं घड्याळ ऱ्हाऊ दे. भाकरीलाच इचारू."

विमान उडालं तसा वरून गार वारा सुटला. कडूबाचा जीव कासावीस झाला. "बाई, हे वारं बंद करा. माझ्या लेकीच्या जन्माचा सवाल हाय." हवाईसुंदरीनं पांघरूण आणून दिलं. त्यानं ते भाकरीला गुंडाळलं आणि स्वतः कुडकुडत बसला. शेजारचा कोटवाला आधी हसला. मग दर पाच मिनिटांनी तोच विचारू लागला, "आहे का अजून गरम?" उतरताना अख्ख्या रांगेनं हात लावून पाहिला.

मुलाचं घर तिकडच्या विमानतळाजवळच होतं. त्याची आई, द्वारकाबाई, दारातच उभी होती. तिनं फडकं सोडलं, भाकर तळहातावर घेतली. "अगं बाई, गरम हाय की!" कडूबाला एकदम रडूच फुटलं.

संध्याकाळच्या विमानानं तो परतला आणि अंगणातूनच ओरडला, "लग्न पक्कं! हैदराबाद टप्प्यात हाय. दर म्हैन्याला जाऊन येईन!" रोहिणी त्याच्या गळ्यात पडली.

बायको सारजाबाई मात्र चुलीपुढून हलली नाही. तिनं तव्यावरची भाकर उतरवली, फडक्यात बांधली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

"आता ही कुणाला?" कडूबानं विचारलं.

"थोरल्या लेकीला. देवगाव रंगारी टप्प्यात हाय म्हणूनच आशाला तिथं दिली नव्हं? पाच वर्सं झाली, तिच्या दारात तुमची गार भाकरबी गेली नाय."