घरचा माल

परदेशी मालाला बंदी होती तोवर मालकांच्या कारखान्यातली हृदयाची कृत्रिम झडप डोळे झाकून खपायची. मग सरकारने आयात मोकळी केली, आणि बाहेरची झडप एकदा वापरून बघितल्यावर डॉक्टर मालकांच्या मालाला हात लावेनात. मालकांनी मंत्र्यांच्या दारी चपला झिजवल्या, 'देशी उद्योग वाचवा' म्हणून भाषणं ठोकली, आणि शेवटी आयात पुन्हा बंद करून घेतली तेव्हाच त्यांच्या जिवात जीव आला.

मागणी एवढी वाढली, की तपासणीत नापास झालेल्या झडपाही घासूनपुसून परत डब्यात जायला लागल्या. तपासणीवरच्या बाई कुरकुरल्या, तर मालक हसून म्हणाले, "अहो, आता जातील कुठे? झक मारत घेतील!"

त्याच महिन्यात त्यांची लेक चक्कर येऊन पडली आणि तिचीच झडप बदलायची वेळ आली. मालक परगावाहून धावतपळत इस्पितळात पोहोचले, तोवर ऑपरेशन उरकलं होतं. त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "परदेशीच बसवलीत ना? जुन्या साठ्यातली एखादी असेलच की तुमच्याकडे."

"होती ना, शेवटची एकच. तिच्यासाठीच काढून ठेवली होती," डॉक्टर कौतुकाने म्हणाले.



"पण पोरगी ऐकेचना. म्हणाली, ती शेजारच्या खाटेवरच्या मावशींना द्या, मला माझ्या बाबांच्या कारखान्यातलीच बसवा."