बारावी तार
सासऱ्यांच्या जुन्या गिटारवरची, बारा तारांचा ताण सोसणारी लाकडी पट्टी उखडली, तेव्हा दुरुस्तीवाल्याने हात वर केले. “आता शोभेला भिंतीवर टांगा.” मुलाने लगेच दिवाणखान्यात खिळाही ठोकला. सासऱ्यांचं जेवण निम्म्यावर आलं. सून पडली सुतार. तिने पट्टी चिकटवली, ती दाबून धरायला शिकंजे आवळले आणि तीन दिवस कुणाला गिटारला हात लावू दिला नाही. आज अकरा तारा सुरात लागल्या. राहिली ती सगळ्यात बारीक, नेहमी तुटणारी. “अकरावर भागवू, सूनबाई,” सासरे दाराआडून म्हणाले. “बारा म्हणजे बारा, बाबा.” तिने खुंटी पिळली. लाकूड कुरकुरलं. तार सुरात येऊन थांबली. पट्टी तसूभर हलली नाही. सासऱ्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि खोली झंकारली. वाजवता वाजवताच ते मुलाला म्हणाले, “आधी तो खिळा उपट.”