मॅडम आणि मामा

"मॅडम, थांबा. एक पोरगी कमी हाय."

सोनियानं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. सांगलीच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर चौऱ्याऐंशी जण काळे गाऊन आणि चौकोनी टोप्या घालून उभे होते. तिला सगळे सारखेच दिसत होते. तिचे वडील, ज्योतिबा, चेहऱ्यांवर उजेड टाकायचा चंदेरी रिफ्लेक्टर छातीशी धरून बाजूला उभे होते. त्यांनी रांगांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली.

"मान तिरकी करून उभी ऱ्हाते ती. मगाशी मीच टोपीला पिना लावल्या तिच्या."

पोरगी आरशापुढं सापडली. पळत आली, तसा पायऱ्यांवर हशा पिकला.

"मामा, तुम्हाला कळतं कसं हो?" संस्थेच्या सगळ्या कॉलेजांतल्या समारंभांची व्यवस्था बघणाऱ्या घोरपडे सरांनी विचारलं.

"तीस वर्सं मेंढरं राखली, सर. ती तरी कुठं नावं सांगत्यात?"

"म्हणजे आम्ही मेंढरं व्हय, मामा?" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"न्हाई रं गड्या. मेंढरं गप उभी ऱ्हात्यात."

या कॉलेजांत घंटा देणारा, खुर्च्या मांडणारा, फाटक उघडणारा प्रत्येक जण मामा असतो. तीन वर्षांपूर्वी, सोनियाच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, एका मुलीनं ज्योतिबांना हाक मारली होती, "मामा, माझी टोपी सरळ करा ना." त्यांनी लगेच केली. हे माझे वडील आहेत, असं सोनियानं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. प्राचार्यांसमोर बसून काम मागायचं होतं, आणि जतच्या वस्तीवरून आलेली फोटोग्राफर म्हटलं की समोरचे लोक आधी तिच्या कॅमेऱ्याकडं संशयानं बघायचे. ज्योतिबांनीही कधी विषय काढला नाही. ते तिला कामावर मॅडम म्हणू लागले, एवढंच.

ग्रुप फोटो झाला, तशी पोरं आपापल्या माणसांकडं पांगली. एका मुलानं स्वतःचा गाऊन काढून आईच्या अंगावर चढवला. आता सगळेच हा फोटो मागतात. बाई लाजून लाकडासारखी उभी राहिली. ज्योतिबांनी तिच्या टोपीचा गोंडा नीट केला.

"आवं, हसा की ताई. पोरानं पास केलंया तुमाला."

बाई हसली. सोनियानं फोटो घेतला. तो चांगला येणार हे तिला बटण दाबतानाच कळलं.

घोरपडे सर शेजारीच उभे होते. "मॅडम, तुमच्याही आईवडिलांना आणा की एकदा. लेकीचं काम बघू देत."

ज्योतिबा तीन हात अंतरावर रिफ्लेक्टरची घडी घालत होते. घडी घालता घालता त्यांचे हात थांबले.

"बघू, सर," सोनिया म्हणाली.

"मॅडम, ऊन उतराय लागलं," ज्योतिबा म्हणाले. "अजून धा जणांचं एकेकटं ऱ्हायलंय. आटपूया."

संध्याकाळी स्टँडवर जतच्या गाडीची वाट बघताना त्यांनी तिच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. "मान अवघडली आसंल पोरी," म्हणाले, आणि भडंगाची पुडी तिच्यापुढं धरली. ती मोबाईलवर दिवसभराचे फोटो चाळत होती. तिनं न बघताच मूठभर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर पाण्याच्या टँकरची वाट बघता बघता ज्योतिबा बसल्या जागी गेले.

बावीस दिवसांनी त्याच संस्थेच्या साताऱ्याच्या कॉलेजात पदवीदान होतं. काम आधीच ठरलेलं होतं. सोनिया एकटीच गेली. टोप्यांना पिना तिनंच लावल्या. रिफ्लेक्टर एका खुर्चीला टेकवून ठेवला, तो वाऱ्यानं दोनदा पडला. मग तिनं स्टुलावर चढून रांगा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि फोटो घेतला. पोरं पांगली.

पाच मिनिटांनी एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. गाऊन अंगात, टोपी हातात. "मॅडम, ग्रुप फोटो कधी आहे?"

सोनिया पुन्हा स्टुलाकडं वळली. घोरपडे सरांनीच माईकवरून हाक दिली. कुरकुर करत सगळे परत पायऱ्यांवर चढले. ती मुलगी पहिल्या रांगेत उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"असू दे हो, होतं असं," सर सोनियाच्या स्टुलाजवळ येऊन म्हणाले. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "आज मामा नाही दिसत तुमचे? त्यांच्या नजरेतून सुटली नसती ही."

"वारले ते."

"अरेरे." "लाख माणूस हो. पोरांना किती जीव लावायचा. किती वर्षं होते तुमच्याकडं?"

पायऱ्यांवरची पोरं कॅमेऱ्याकडं बघत थांबली होती. पहिल्या रांगेतल्या मुलीनं डोळे पुसून टोपी सारखी केली. सोनिया स्टुलावरून खाली उतरली.

"माझ्या जन्मापासून," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "माझे वडील होते ते."