वारुळावर

"थांबू नकोस! थांबलीस की नळीतलं पाणी परत नदीत," सासू नामाएंबा ओरडली. तिने नळीचं तोंड टोमॅटोच्या सरीत धरलं होतं.

न्झोइया नदीच्या काठावर नेलिमा पायपंपाच्या दोन फळ्यांवर उभी राहून पाय चालवत होती. एक खाली, एक वर. नवरा पाय मोडून घरात पडलेला. टोमॅटो फुलावर आलेले आणि पानांची सुरळी होऊ लागलेली. आज पाणी मिळालं नाही तर फूल गळणार. पंप गटाचा होता, पाळीने फिरायचा. सूर्य उंबराच्या शेंड्यावर आला की तो नाफुनाच्या मळ्यात जायचा. नाफुना आधीच उंबराखाली येऊन बसली होती.

"अगं, मागे बघ," ती म्हणाली. "तुझे मामंजी येतायत."

म्हातारा खाओया काठी टेकत उतार उतरत होता.

नेलिमाचे पाय थबकले. सासऱ्याच्या डोक्याहून उंच सून उभी राहत नाही. छपरावर गवत घालायलासुद्धा चढत नाही. आणि इथे तर कंबर हलवायची. नळीने उचकी दिली. धार बारीक झाली.

"उतर, मीच नेते पंप," नाफुना हसली. "माझा सासरा मातीत आहे. मला कुणाची लाज?"

"तोंड आवर गं!" नामाएंबा म्हणाली. मग हळूच, "पोरी, उतरू नकोस."

"आई, पण कसं..."

खाओया थांबला. सुनेकडे त्याने पाहिलं नाही. ओल्या सरीच्या पुढची कोरडी माती पाहिली. धार थेंबांवर आली होती.

तो वळला. नेलिमाने एक पाय खाली टेकला.

पण म्हातारा घराकडे गेला नाही. बांधावरच्या उंच वारुळावर चढू लागला. काठी घसरली, गुडघा आपटला. नामाएंबा नळी टाकून धावणार, तेवढ्यात तो ओरडला, "नळी सोडू नकोस!"

माथ्यावर पोचल्यावर त्याने नदीकडे पाठ केली. सुनेशी तो आजवर थेट कधी बोलला नव्हता.

"नामाएंबा, इथे सगळ्यांत उंच कोण आहे?"

"तुम्ही."

"मग पाणी का थांबलंय?"

नेलिमाने फळीवर सगळा भार टाकला. नळी गुरगुरली. नाफुनाने सूर्याकडे पाहिलं आणि ती उंबराच्या बुंध्याला टेकून बसली.

वारुळावर म्हातारा तसाच पाठमोरा उभा होता. समोर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. त्याच्या टाचा तेवढ्या उचलल्या जात होत्या. एक खाली, एक वर.