शेवंताबाईंचा खुलासा

“तुम्ही छापलंत ते खरंच आहे,” शेवंताबाई संपादकांना म्हणाल्या. “पण आता ते खोटं होतं असं छापा. पाया पडते तुमच्या.”

ज्यांचं नाटक बघायला गावोगावची माणसं बैलगाड्या जुंपून येत, त्या शेवंताबाई छापखान्यात रडत उभ्या होत्या. या नटीच्या लेकीला बाप नाही, असं साप्ताहिकाने छापलं होतं. ते वाचून मंजुळेच्या होणाऱ्या सासऱ्यांनी लग्न मोडल्याचा निरोप धाडला होता.

“खुलासा छापू, पण लोकांना पटायला हवा,” संपादक म्हणाले. “बापाचं नाव सांगता?”

ते सांगण्यासारखं नव्हतं.

“लिहा, मुलगी माझी नाहीच. पटकीच्या साथीत तिचे आईबाप गेले. भल्या घरची पोर, मी नुसती सांभाळली.”

“बाई, हे मागे घेता येणार नाही.”

“तिचं लग्न तर होईल.”

खुलासा छापून आला आणि पंधरा दिवसांत लग्न लागलं. शेवंताबाई मांडवात कंपनीतल्या बायकांबरोबर मागे बसल्या होत्या. सासरी निघताना मंजुळा त्यांच्यापाशी आली.

“येते हं, बाई,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आजवर तिने त्यांना आईच म्हटलं होतं. मग ती पाया पडायला वाकली, पण धरलेले पाय तिला सोडवेनात.

सासरची माणसं बघत होती. शेवंताबाईंनीच एक पाऊल मागे घेतलं.