मुंबईत उतरायचं कुठं

"अम्मी, हा लॉज बघ. खोली साफ, बाथरूम आतच, नि खाली उतरलं की बाजार." रिझवानानं मोबाइल आईच्या नाकासमोर धरला.

अनीसा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "नको."

"बघ तरी!"

"बघितला. नको."

न बघताच नापसंत करायची ही कला अनीसाला अलीकडंच साधली होती. रिझवानाचा निकाह पेणला ठरला होता. त्याच्या खरेदीसाठी मायलेकी मुंबईला जाणार होत्या, आणि जातोच आहोत तर दोन दिवस राहून राणीची बाग, समुद्र, सगळं पाहून येणार होत्या. लेक अष्टमी गावातलं घर सोडून जाण्याआधीची ही एकच सहल. शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं. घोडं अडलं होतं ते उतरायचं कुठं यावर.

"मुंब्र्याला तुझी खाला हाय की," अनीसा म्हणाली. "दिव्याला गाडीतून उतरलं की पोचलोच."

"खालाकडं दोन खोल्यांत सात माणसं. मी काय मोरीत झोपू?"

"मग दादरला बघ."

"दादरला नाय. भेंडीबाजारातला हाच पाहिजे."

हट्ट बापाकडून घेतला होता पोरीनं. मुंबईत ढिगानं लॉज, आणि हिचं बोट नेमकं त्याच लॉजवर पडावं!

अनीसाचा नवरा जमाल कतारला कंपनीत आहे, हे साऱ्या अष्टमीला ठाऊक होतं. एके काळी ते खरंही होतं. मग गेल्या रमजानात एकदा तो फोनवर बोलत असताना त्याच्या मागं मगरिबची अजान सुरू झाली, आणि त्याच क्षणी इथल्या मशिदीतलीही. कतारात सूर्य आपल्यापेक्षा बराच उशिरा मावळतो. आखातातल्या नवऱ्याशी इतकी वर्षं फोनवर संसार केलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. अनीसा "इफ्तार करून घ्या," एवढंच म्हणाली.

पुढं ईदनंतर ती बहिणीसोबत भेंडीबाजारात गेली होती. बहीण दुकानात शिरली, आणि शेजारच्या लॉजच्या पायरीशी अनीसाला जमाल दिसला. दोन्ही हातांत गिऱ्हाइकाच्या बॅगा. तिच्या तोंडावर नकाब होता.

"बाजूला व्हा, बाई," तो म्हणाला.

अनीसा बाजूला झाली. नवऱ्यानं आपल्याला बाई म्हटलं याचं दुःख झालंच. पण त्याचा शर्ट काखेत उसवला होता आणि तो शिवून द्यायला तिथं कुणी नव्हतं, याचं जास्त झालं. घरी येऊन ती न्हाणीत पाणी सोडून रडली. तेव्हापासून हे गुपित तिनं एकटीनं सांभाळलं होतं. त्यालाही कळू दिलं नव्हतं.

पेणच्या मंडळींनी मुलीचा बाप आखातात आहे हे ऐकून होकार दिला होता, खरं कळलं तर ते मोडतील ही धास्ती होतीच. पण त्याहून मोठी धास्ती लेकीची होती. लहानपणापासून "माझे अब्बा" म्हणताना तिची मान ताठ व्हायची. लोक हसले असते तर जमालनं ते सोसलं असतं. लेकीच्या मनातून उतरला असता, तर तो माणूस पुन्हा उभा राहिला नसता.

दुपारी जमालचा फोन आला. अनीसानं तो नेहमीसारखा कानाला घट्ट लावला.

"मुंबईला जाताय म्हणं?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "उतरणार कुठं?"

"मुंब्र्याला. बहिणीकडं."

पलीकडं श्वास सुटल्याचं तिला ऐकू आलं. "बेस केलंस. बाजाराकडचे लॉज बरे नसतात. इथली पोरं सांगतात."

"व्हय. आमी तिकडं फिरकणार पण नाय. तिकडं ऊन काय म्हणतं?"

"लय ऊन. मी एसीत असतो म्हणून बरं."

"निकाहाला दोन दिवस आधी येता काय, बघा ना."

"कंपनी रजा देत नाय गो. सकाळी येईन, रात्री निघेन."

रिझवानानं हात पुढं केला. अनीसानं नाइलाजानं फोन दिला.

"अब्बा, जेवताय ना येळेवर?" रिझवाना म्हणाली. "कंबर जपा." मग तिनं फोन आईला परत दिला.

फोन बंद झाल्यावर अनीसानं सूप पुढं ओढलं. "ऐकलंस? अब्बांचं पण तेच म्हणणं. मुंब्रा."

"अम्मी, दोनच रात्री..."

"पुरे!" अनीसाचा आवाज चढला. "बाप तिकडं परमुलखात राबतोय नि तुला लॉजात लोळायचंय? लाज नाय वाटत?"

बोलली आणि तिची तिलाच शरम वाटली. लेक चार दिवसांची पाहुणी, तिला असं टोचायला नको होतं. पण दुसरा इलाज नव्हता.

रिझवानानं मोबाइल पालथा ठेवला, आईशेजारी बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

"बरं. खालाकडं जाऊ," ती म्हणाली.

अनीसाला हायसं वाटलं. यावेळेपुरतं तरी निभावलं होतं. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

रिझवाना मान खाली घालूनच हळू म्हणाली, "मना वाटलेलं, निकाहाआधी दोन रात्री तरी आपण तिघं एका छपराखाली झोपू."